आधी उतरायला शिकवा : खेळाडू मुलींचे गुडघे जपणारा सराव

ऑगस्ट महिना होता, आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि शालेय फुटबॉल स्पर्धेतील एका सामन्यात माझ्या संघातील आठवीची एक मुलगी डोक्याने चेंडू मारण्यासाठी उंच उडाली. तिच्या आसपास दुसरी कोणीही नव्हती. चेंडू तिने नीट मारला. परंतु ती एकाच पायावर, गुडघा जवळजवळ ताठ ठेवून उतरली, बुटाच्या तळाचे स्टड, म्हणजे पकडीसाठी असलेली टोके, ओल्या मातीत रुतले, धड एका बाजूला कलले आणि गुडघा आतल्या बाजूला झुकला. "मॅडम, आत काहीतरी कट् झालं बघा," एवढेच ती म्हणाली. दोन मिनिटांनी ती उठून चालू लागली, म्हणून मी तिला पुन्हा खेळू दिले, आणि पहिल्याच वळणाला तोच गुडघा तिच्याखालून निसटला. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात माझ्या हातून झालेली ही सर्वांत मोठी चूक आहे.

महिनाभराने एका पालकांनी त्या सामन्याचे मोबाइलवर केलेले चित्रीकरण मला दिले. ते मी घरी बसून संथ गतीने पाहिले. दुखापतीच्या आधीच्या अर्ध्या तासात ती मुलगी चार वेळा उडी मारून अगदी तशीच उतरली होती : ताठ पाय, आत वळलेला गुडघा, दणकन टेकलेली टाच. चार वेळा गुडघा वाचला, पाचव्या वेळी वाचला नाही. आम्ही सगळे ज्याला नशीब म्हणत होतो ते चार वेळा माझ्या डोळ्यांसमोर घडून गेले होते आणि मी त्या वेळी चेंडूकडे पाहत होते. पुढील सूचना त्यानंतर मी बदललेल्या सरावातून आणि या विषयावर जगभर झालेल्या अभ्यासांतून आलेल्या आहेत. शाळांतील क्रीडाशिक्षक, मंडळांचे प्रशिक्षक आणि खेळणाऱ्या मुलींचे आईवडील यांच्यासाठी त्या लिहीत आहे.

गुडघा नेमका का जातो

गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना बांधून ठेवणारे दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. त्यांतील पुढच्याला डॉक्टर आणि आता खेळाडूही 'एसीएल' म्हणतात. नडगी पुढे सरकू न देणे आणि गुडघ्याला पीळ बसू न देणे हे त्याचे काम. फुटबॉल, बास्केटबॉल, हँडबॉल अशा खेळांत हा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये त्याच खेळातील मुलांपेक्षा दोन ते आठ पट असल्याचे निरनिराळ्या अभ्यासांत आढळले आहे, आणि अशा इजांपैकी साधारण ७० टक्के इजा कोणाचाही थेट धक्का न लागता होतात. उडीवरून उतरताना, धावता धावता एकदम थांबताना आणि पाय रोवून दिशा बदलताना. पाय जमिनीला टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत हे घडून जाते. एवढ्या वेळात विचार करून गुडघा सावरणे कोणालाही शक्य नाही, म्हणूनच मैदानाच्या कडेने "अगं, गुडघा सांभाळ" असे ओरडण्याचा काही उपयोग नसतो. शरीराला जी सवय लागलेली असते तीच त्या क्षणी बाहेर येते.

मुलींच्याच वाट्याला हे अधिक का येते, याची काही कारणे शरीराच्या रचनेत आहेत. कंबरेचे हाड रुंद असल्यामुळे मांडी गुडघ्याकडे तिरपी येते आणि अस्थिबंधासाठी हाडातील खाच अरुंद असते. ही रचना बदलता येत नाही. परंतु दुसरे एक कारण बदलता येते, आणि तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वयात येताना मुलामुलींची उंची आणि वजन झपाट्याने वाढते; मुलांच्या स्नायूंची ताकद त्याबरोबर आपोआप वाढत जाते, मुलींच्या बाबतीत मात्र मुद्दाम सराव केल्याशिवाय ती त्या वेगाने वाढत नाही. लांब झालेली हाडे आणि वर सरकलेला तोल सांभाळायला स्नायू अपुरे पडतात, आणि मग चार सवयी लागतात : गुडघा कमी वाकवणे, तो आत पडू देणे, दोन्ही पायांऐवजी एकाच पायावर सगळा भार घेणे आणि धड सैल सोडणे. या चारही सवयी सरावाने मोडता येतात.

हे नुसते माझे मत नाही. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १,९०० मुली फुटबॉलपटूंवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, 'फिफा ११+' या नावाने ओळखला जाणारा वीस मिनिटांचा वॉर्म-अप नियमित करणाऱ्या संघांतील एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाल्या. स्वीडनमध्ये १२ ते १७ वर्षांच्या साडेचार हजारांहून अधिक मुलींवर झालेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटांच्या सरावाने त्या संघांत एसीएलच्या इजा ६४ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. त्यासाठी यंत्रे लागली नाहीत, जिम लागली नाही. मैदान, जोडीदार आणि लक्ष देणारा प्रशिक्षक एवढेच लागले.

आमच्या कोल्हापुरात ही गोष्ट समजावून सांगणे खरे तर सोपे असायला हवे. तालमीत नवे पोर आले की त्याला पहिल्या दिवशी कोणी डाव शिकवत नाही. आधी हौद्यातील माती उकरायला लावतात, जोर-बैठका मारून घेतात, अंग तयार होऊ देतात, आणि मग हाताला हात लागतो. खासबागेच्या कुस्ती मैदानापर्यंत पोहोचलेला प्रत्येक मल्ल याच क्रमाने गेलेला असतो. पेठापेठांत फुटबॉलचे वेड असलेल्या या गावात मुली आता फुटबॉल, कबड्डी, खो-खो, हँडबॉल सगळे खेळतात, याचा मला मनापासून अभिमान आहे. परंतु त्यांना आपण पुष्कळदा स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी वर्गातून गोळा करून थेट सामन्यात उतरवतो. मुलांच्या पायाला गल्लीत आणि तालमीत जी दहा वर्षे मिळालेली असतात, ती बहुतेक मुलींना मिळालेली नसतात. तो पाया सरावातूनच घालावा लागतो.

आधी पाहावे, मग शिकवावे

सरावाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक मुलीचे उतरणे पाहून घ्यावे. साधारण ३० सेंटिमीटर उंचीचा, म्हणजे फूटभर उंच आणि न डुगडुगणारा लाकडी ठोकळा घ्यावा. मुलीने त्यावरून दोन्ही पायांवर खाली उतरावे आणि लगेच जमेल तेवढी उंच उडी मारावी. समोरून, मोबाइल तिच्या गुडघ्यांच्या उंचीवर धरून, तीन वेळा चित्रीकरण करावे. यासाठी पालकांची परवानगी घ्यावी, चित्रीकरण त्या मुलीलाच दाखवावे आणि काम झाले की पुसून टाकावे. वयात आलेल्या मुलींचा विश्वास एकदा गेला तर सराव पुढे सरकत नाही, हे मी पाहिलेले आहे.

चित्रीकरणात पाय टेकल्यानंतरचा क्षण थांबवून पाहावा. दोन्ही गुडघे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आहेत, की एकमेकांकडे झुकले आहेत? दोन्ही पाय एकाच वेळी टेकले का? गुडघे वाकले का, की खांबासारखे राहिले? धड समोर आहे की एका खांद्याकडे कलले आहे? त्यानंतर एका पायावर उभे राहून अर्धी बैठक मारायला सांगावे आणि पुन्हा तेच पाहावे. एका वहीत प्रत्येक मुलीच्या नावापुढे दोन ओळी लिहून ठेवाव्यात. ज्या मुलींचे गुडघे आत झुकतात त्यांना संघातून वगळायचे नाही. सरावात त्यांना जास्त वेळ द्यायचा, एवढाच या नोंदीचा उपयोग आहे. शिवाय ज्यांचे उतरणे चांगले दिसते त्यांनीही हा सराव करायचाच असतो, कारण अशा चाचणीवरून कोणाचा गुडघा जाईल आणि कोणाचा नाही हे खात्रीने ठरवता येत नाही.

उतरण्याचा सराव

मुलींना मी एकच वाक्य वारंवार सांगते : "पाय वाजू देऊ नका." मांजर भिंतीवरून उतरते तसे उतरावे. सुरुवातीला "गुडघा आत घेऊ नकोस" असे सांगून पाहिले. पण त्यामुळे मुली गुडघ्याचाच विचार करत ताठरतात. त्याऐवजी आवाजाकडे लक्ष द्यायला सांगितले, किंवा "गुडघा बुटाच्या नाडीवर राहू दे" असे म्हटले की बहुतेकींचे शरीर आपोआप योग्य जागी येते. मुलींच्या जोड्या कराव्यात. एकीने उतरावे आणि दुसरीने पाठ करून उभे राहून फक्त ऐकावे. आवाज मोठा आला की तिने हात वर करायचा. या एका युक्तीने जे साधते ते माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने साधत नाही.

पहिल्या आठवड्यात उडी मारूच देऊ नये. मुलीने चवड्यांवर उभे राहून झटकन अर्ध्या बैठकीत यावे आणि तीन अंक मोजेपर्यंत जागच्या जागी स्थिर राहावे : पाय खांद्याइतके रुंद, कंबर मागे, छाती वर, गुडघे वाकलेले, भार चवड्यावरून पूर्ण पावलावर आलेला. हीच तिची उतरल्यावरची स्थिती. ती अंगवळणी पडली की जागच्या जागी लहान उडी, दोन्ही पायांवर उतरणे आणि पुन्हा तीन अंक स्थिर. त्यानंतर ठोकळ्यावरून उतरणे. त्यानंतर पुढे उडी, मग बाजूला, मग हवेत पाव फेरी वळून. हे सगळे नीट जमू लागल्यावरच एका पायावर उतरणे सुरू करावे, आणि अगदी शेवटी खरा खेळ आणावा : उडी मारताना चेंडू फेकावा, जोडीदाराने खांद्याला हलका धक्का द्यावा, डोक्याने चेंडू मारून उतरावे. प्रत्येक पायरीवर साधारण एक ते दोन आठवडे थांबावे. गुडघा आत पडू लागला की एक पायरी मागे यावे. यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही, आणि प्रशिक्षकाने तसा तो मुलीला वाटूही देऊ नये.

किती उड्या माराव्यात, याबाबत माझा हिशेब असा आहे की एका सत्रात सुरुवातीला तीस-चाळीसपेक्षा जास्त वेळा उतरू नये. थकलेल्या पायांनी केलेला उतरण्याचा सराव चुकीचे उतरणेच पक्के करतो. म्हणून हा सराव नेहमी सत्राच्या आरंभी, हलके धावून अंग गरम झाल्यावर घ्यावा. शेवटी शिक्षा म्हणून उड्या मारून घेण्याची पद्धत तर पूर्णपणे बंद करावी. पावसाळ्यात मैदान वापरता येत नसेल तर शाळेच्या व्हरांड्यातील शहाबादी फरशीवर उड्या घेऊ नयेत. त्या दिवशी केवळ ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम घ्यावेत.

वळणे आणि थांबणे

खो-खोमध्ये साखळी पद्धतीने पळणारी मुलगी बसलेल्या खेळाडूंच्या मधून क्षणाक्षणाला दिशा बदलते, आणि आक्रमक मुलगी अर्धवट बसलेल्या स्थितीतून उठून पहिल्याच पावलाला पूर्ण वेग घेते. खांबापाशी हाताने खांब धरून अंग फिरवताना पाय एका जागी रोवलेला राहिला, तर सगळा पीळ गुडघ्यात जातो. कबड्डीत चढाई करून परत फिरतानाही हेच घडते. या सगळ्यांवर उपाय एकच आहे : वळण्याच्या आधीची दोन-तीन पावले लहान करावीत, कंबर खाली आणावी, आणि रोवलेल्या पायावर अंग फिरवण्याऐवजी पाऊल उचलून नव्या दिशेने टाकावे.

हे आधी चालत, मग निम्म्या वेगाने शिकवावे. दोन शंकू ठेवून प्रथम कमी कोनात वळायला सांगावे, नंतर काटकोनात. त्यानंतर शिक्षकाने ऐन वेळी हाताने दिशा दाखवावी, कारण सामन्यात कोठे वळायचे हे मुलीला आधी ठाऊक नसते आणि गुडघा जातो तो अशाच वेळी. थांबण्यासाठीही वेगळा सराव हवा. एका लांब पावलात थांबण्याऐवजी तीन छोट्या पावलांत थांबावे. कबड्डीत पकडीच्या वेळी गुडघ्यावर बाहेरून येऊन पडणारे वजन मात्र या सरावाने पूर्णपणे टळत नाही. तेथे पकड करणाऱ्या मुलींना योग्य पकड शिकवणे हाच मार्ग आहे.

ताकद कोठे वाढवावी

मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद धावल्याने आणि चेंडू मारल्याने वाढतेच. मागचे स्नायू, ज्यांना आता सगळे हॅमस्ट्रिंग म्हणतात, मागे राहतात. आणि नडगीला पुढे सरकण्यापासून रोखण्यात एसीएलला मदत करणारे स्नायू नेमके हेच. त्यांच्यासाठी सर्वांत चांगला व्यायाम जोडीने होतो. एका मुलीने मऊ जागी गुडघ्यांवर ताठ उभे राहावे, दुसरीने मागून तिचे घोटे घट्ट दाबून धरावेत. पहिलीने कंबरेत न वाकता, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत एक रेषा ठेवून, जमेल तितके हळू पुढे झुकावे आणि शेवटी हातांवर पडावे. सुरुवातीला तीन ते पाच वेळा पुरे. काही आठवड्यांनी सात ते दहा. पहिल्यांदा केल्यावर दोन दिवस मांड्या चांगल्याच दुखतात, हे मुलींना आणि त्यांच्या आईला आधीच सांगून ठेवावे, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी हा व्यायाम घेऊ नये.

बैठका आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहेत. मल्ल चवड्यांवर येऊन झपाट्याने शेकडो बैठका मारतात, तो त्यांच्या वर्षांच्या तयारीचा भाग आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीची सुरुवात तशी करू नये. टाचा जमिनीवर, कंबर मागे नेऊन जणू पाटावर बसायचे आहे असे, तीन अंकांत खाली आणि एका अंकात वर, अशा दहा बैठकांचे दोन फेरे पुष्कळ झाले. आकडा वाढवण्यापेक्षा गुडघ्याची रेष सांभाळणे महत्त्वाचे आहे. पुढे तीच बैठक पायरीच्या कडेला एका पायावर करता येते. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू गुडघ्याला आत पडू देत नाहीत, म्हणून कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे आणि कोपरावर एका कुशीने तोलून धरणे, हे दोन्ही व्यायाम घ्यावेत. पालथे होऊन कोपरांवर आणि चवड्यांवर शरीर तोलणे वीस ते तीस सेकंद, तीन वेळा. एका पायावर तोल सांभाळणे प्रत्येकी तीस सेकंद, त्यात जोडीदाराशी चेंडू फेकाफेकी. एवढे सगळे नीट बसवले तर धावण्यासकट वीस मिनिटांत होते.

मुली वजने उचलून ठोकळ होतात किंवा त्यांची उंची खुंटते, अशी भीती अजूनही अनेक घरांत आहे. योग्य देखरेखीखाली केलेल्या ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटत नाही.

केव्हा आणि किती

शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि शालेय स्पर्धा भर पावसाळ्यात येऊन ठेपतात. म्हणून शाळेच्या पहिल्या आठवड्यातच आरंभ करावा. स्पर्धेपूर्वी सहा ते आठ आठवडे मिळाले तर शरीरात फरक दिसतो. आठवड्यातून किमान दोनदा, शक्य असेल तर तीनदा. स्पर्धा सुरू झाल्या की हा सराव बंद करण्याकडे सगळ्यांचा कल असतो, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त नुकसान याच ठिकाणी होते. हंगामभर आठवड्यातून दोनदा तो चालू ठेवलाच पाहिजे. सामन्याच्या दिवशी धावण्याचा आणि वळण्याचा भाग घ्यावा, ताकदीचा भाग सोडावा.

वय वाढण्याची वाट पाहू नये. दहा-अकराव्या वर्षी, पाळी सुरू होण्याच्या सुमारास किंवा त्याआधी, या सवयी सर्वांत सहज लागतात. मुलींची उंची साधारण अकरा ते तेरा या वयात सर्वांत वेगाने वाढते. दर तीन महिन्यांनी भिंतीवर पेन्सिलीने खूण करून ठेवावी आणि खूण एकदम वर सरकली की काही आठवडे उड्या कमी कराव्यात, तोलाचे व्यायाम वाढवावेत. या काळात चांगली खेळणारी मुलगी अचानक वेंधळी वाटू लागते. तिला ओरडू नये.

विश्रांतीबद्दल पालकांशी स्पष्ट बोलावे लागते. एकच मुलगी सकाळी शाळेच्या संघात, संध्याकाळी मंडळाच्या संघात आणि रविवारी निवड चाचणीला, असे चालू असेल तर आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी मिळालीच पाहिजे. पोलीस भरतीच्या ८०० मीटरसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर रोज धावणाऱ्या मुलींच्या वाटीखालचे आणि वाटीभोवतीचे दुखणे बहुधा एकदम वाढवलेल्या अंतराचे असते. त्यांनी निम्मे धावणे मातीवर आणावे आणि अंतर हळूहळू वाढवावे.

खाण्याचा विषय येथे टाळता येत नाही. सकाळी फक्त चहा पिऊन मैदानावर येणारी मुलगी दुसऱ्या अर्ध्या तासात पाय ओढू लागते, आणि थकलेला पाय ताठ पडतो. भाकरी, डाळ, उसळ, अंडी, दूध, शेंगदाणे आणि गूळ, हे सगळे आपल्या जिल्ह्यात सहज मिळते; ते तिच्या ताटात भावाइतकेच पडले पाहिजे. पाळी सुरू झालेल्या मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही सुरू झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. खर्च होते तितके पोटात जात नसल्याची ती खूण असू शकते, आणि त्याचा परिणाम हाडांवर होतो. संघात एक तरी बाई अशी असावी जिच्याशी मुली हे न लाजता बोलू शकतील.

बूट मापाचे असावेत; थोरल्या भावाचे मोठे बूट पायात कापूस घालून वापरू देऊ नयेत. उन्हाळ्यात टणक झालेल्या मैदानावर लांब स्टडचे बूट टाळावेत, कारण पाऊल जमिनीला जितके घट्ट अडकते तितका पीळ वर गुडघ्यात जातो. दुकानात मिळणाऱ्या लवचिक नी-कॅपमुळे एसीएल तुटणे थांबत नाही. ती घातल्याने धीर येत असेल तर घालावी, पण ती घातली म्हणून सराव चुकवू नये.

इजा झालीच तर

गुडघ्यात आवाज आल्याचे मुलीने सांगितले, दोन-तीन तासांत सूज आली, गुडघा निसटल्यासारखा वाटला, अडकला किंवा त्यावर भार देता येईना, तर त्या दिवशीचा खेळ तिच्यासाठी संपला, मग सामना अंतिम फेरीचा असला तरीही. चालता येते म्हणजे अस्थिबंध शाबूत आहे, असे समजू नये. मी नेमके तेच समजले होते. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, त्यावर फार घट्ट नसलेली पट्टी, आणि पाय उशीवर उंच. पहिले दोन-तीन दिवस शेक नको, चोळणे नको. त्या मुलीच्या आज्जीने प्रेमापोटी आंबेहळदीचा लेप लावला त्याने काही बिघडले नाही; परंतु पुढे एका हाडवैद्याकडे दोन आठवडे तो गुडघा चोळून, ओढून घेतला गेला, आणि एमआरआय झाला तेव्हा अस्थिबंधाबरोबर गुडघ्याच्या दोन हाडांमधली गादीही फाटलेली निघाली. गादी नेमकी केव्हा फाटली हे सांगता येणार नाही. ते दोन आठवडे वाया गेले, एवढे मात्र खरे. म्हणून सुजलेला गुडघा थेट अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावा. वाढीच्या वयात हाडाच्या टोकाशीही इजा असू शकते, त्यामुळे एक्स-रे टाळू नये.

शस्त्रक्रिया झाल्यास मैदानावर परतायला किमान नऊ महिने द्यावेत. लवकर परतलेल्या खेळाडूंचा गुडघा पुन्हा जाण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त आहे, आणि तरुण खेळाडूंत पुन्हा खेळू लागलेल्यांपैकी जवळपास चारातील एकीला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्यात पुन्हा अशी इजा होते. महिने मोजण्याबरोबर ताकदही मोजावी : एका पायावर लंगडी घालून कापलेले अंतर चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के असावे, मांडीचा घेर आणि जोर दोन्ही बाजूंना जवळपास सारखा असावा, आणि डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट दोघांचीही संमती असावी.

आमची मुलगी अकरा महिन्यांनी परत आली. पहिल्या दिवशी तिने चेंडू मागितला आणि मी तिला सहावीच्या मुलींच्या रांगेत, चवड्यांवरून अर्ध्या बैठकीत येण्याच्या पहिल्या पायरीवर उभे केले. ती रडली नाही, पण गप्प होती. नवव्या आठवड्यात ती डोक्याने चेंडू मारून दोन्ही पायांवर उतरली, आणि तिच्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या मुलीने हात वर केला नाही.